रोह्यांना यंदा हंगाम चांगला

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथं उन्हाळा कलला की माणसं एका अंदाजासाठी जीव टाकतात. हा अंदाज पावसाचा नसतो, शिकारीचा असतो. सरकारनं सगळ्या डोंगराचे तुकडे पाडून त्यांना नंबर दिलेले आहेत. कोणत्या नंबरात यंदा एल्क किती, हरणं किती, नर किती, बर्फ पडल्यावर कळप कोणत्या दरीत उतरतील, हे वाचून लोक कचेरीत रजेचे अर्ज टाकतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलाच, पण खात्यापित्या घरचा. वयात आलेला नर सहज तीन क्विंटल भरतो. एकट्या कोलोरॅडोत असे अडीच लाखांवर एल्क आहेत. तरी मनात आलं की उठून मारला, असं चालत नाही. पुष्कळ तुकड्यांसाठी अर्ज करायचा, सोडतीची वाट पाहायची, नंबर नाही लागला तर एक गुण पदरात पडतो, तो घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. नावाजलेल्या तुकड्यांसाठी वीस-वीस वर्षं गुण साठवणारे लोक आहेत. शिवाय बंदूक घेऊन निघताना अंगात भडक नारिंगी कपडे सक्तीचे, म्हणजे झुडपाआडच्या दुसऱ्या शिकाऱ्याचा आपल्याबद्दल गैरसमज होऊ नये. 2016 पासून नारिंगीऐवजी भडक गुलाबीही चालतो.

ही सगळी माहिती माझ्या डेन्व्हरच्या भाच्याची. तिथल्या मित्रांच्या नादानं त्यालाही आता या गोष्टीत रस आलाय. एकदा फोनवर त्यानं विचारलं, "मामा, आपल्या यवतमाळात हरणाबिरणाच्या शिकारीला कितपत वाव आहे?"

वाव भरपूर आहे. जनावरं आहेत, रान आहे, टेकड्या आहेत, मचाणं आहेत, बॅटऱ्या आहेत, रात्र-रात्र जागणारी माणसं आहेत. फरक इतकाच, की आमच्याकडे शिकार जनावरं करतात. सावज म्हणून सोयाबीन, तूर, कपाशी आणि हरभरा यांची सोय असते. परवाना लागत नाही, सोडत नाही, रंगीत जाकीट नाही. माणसाचं काम मचाणावर बसून ही शिकार पाहण्याचं.

पूर्वी असं नव्हतं. इंग्रजांच्या काळी आणि नंतरही काही वर्षं वनखातं जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडून परवाने देत असे. म्हणजे कोलोरॅडोचाच प्रकार, फक्त फेट्यातला. साहेब, संस्थानिक, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे यांनी एवढ्या उत्साहानं रान साफ केलं, की 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणावा लागला. 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यावरची उरलीसुरली शिकारही संपली. हे योग्यच झालं. न होतं तर आज आपण नातवंडांना काळवीट फक्त भिंतीवर टांगलेलं दाखवलं असतं. मात्र कायदा झाल्याची बातमी जनावरांपर्यंतही पोचली असावी. त्यांनी त्यानंतर जो आत्मविश्वास कमावला, तो एखाद्या बिनविरोध सरपंचातसुद्धा पाहायला मिळत नाही.

कोलोरॅडोच्या धर्तीवर रोही (म्हणजे नीलगाई), रानडुक्कर आणि हरणं यांचं एखादं खातं असतं, तर त्यांनी दर मे महिन्यात 'यवतमाळ जिल्हा, तालुके 16, शिकारीचा अंदाज' असं पत्रक नक्की काढलं असतं. मजकूर साधारण असा:

"जून. मृगाच्या सरीनंतर पेरण्या सुरू होतील. डुकरांनी पेरणीनंतरची पहिली रात्र चुकवू नये. भुईमूग आणि मका यांना प्राधान्य द्यावं. अलीकडे बहुतेक शेतकरी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं पेरत असल्यानं तासं सरळ रेषेत असतात. एका टोकाला नाक लावलं की दुसऱ्या टोकाला बाहेर पडता येतं, मध्ये शोधाशोध नाही.

"जुलै. सोयाबीनला दुपानी-चौपानी फुटेल. हरणांनी फक्त शेंडे खुडावेत, खोड सोडावं. म्हणजे शेतकरी मोडणार नाही आणि खत घालत राहील.

"सप्टेंबर-ऑक्टोबर. मुख्य हंगाम. सोयाबीनच्या शेंगा भरतील, कपाशीला हिरवी बोंडं धरतील. डुकरांनी खाऊन झाल्यावर लोळण्याचा कार्यक्रमही त्याच वावरात उरकावा. रोह्यांनी कळपानं यावं, माद्या आणि वासरांना मध्ये घ्यावं.

"डिसेंबर-जानेवारी. तूर, हरभरा, गहू. हरभऱ्यावर आंब असेपर्यंत चव उत्तम. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत असल्यास शेतकरी ओलितासाठी जागाच असेल, तरी तो एका टोकाला पाण्याचं दार धरत असताना दुसरं टोक मोकळं असतं.

"मार्च ते मे. कोरडवाहू भागात टंचाई. पुसद, उमरखेड, महागावकडे धरणांच्या पाण्यावर ऊस आहे. डुकरांनी मुक्काम तिकडे हलवावा. उसात एकदा शिरलेलं डुक्कर तोडणी होईपर्यंत कोणाच्या बापाला दिसत नाही.

"तालुकानिहाय सूचना. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी: उघडं रान, लांबवर नजर जाते, रोही आणि काळविटांना सोयीचं. वणी, मारेगाव: कोळसाखाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर बाभळी माजल्या आहेत, दिवसा विश्रांतीला अनुकूल. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी: पिकं चांगली, पण टिपेश्वर अभयारण्य जवळ. वाघांची ये-जा लक्षात घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर जावं."

शेवटच्या सूचनेत तथ्य आहे. टिपेश्वर जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. तिथं वाघांची प्रजा वाढली की तरुण वाघांना घरात जागा पुरत नाही. 2019 साली टिपेश्वरचा असाच एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद पाहिलं, परत महाराष्ट्रात आला, जिल्ह्यामागून जिल्हे तुडवले आणि काही महिन्यांत तीनेक हजार किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात टेकला. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. बायको आणि हक्काची जमीन शोधायला यवतमाळच्या पोराला एवढी वणवण करावी लागते, यात आमच्याकडच्या कोणालाच काही नवल वाटलं नाही. तीस-बत्तिशीची, पदवीधर, चार एकर कोरडवाहूवाली डझनभर पोरं प्रत्येक गावात याच कामावर आहेत. फक्त त्यांना कोणी कॉलर लावलेली नाही.

आता बचावाच्या बाजूची तयारी पाहू. आमचं वडिलोपार्जित वावर जंगलाच्या धुऱ्याला लागून आहे. ते मोठे काका कसतात. वय सत्तरीच्या पुढे, पण सोयाबीन पोटरीला लागल्यापासून तूर घरी येईपर्यंत ते घरी झोपत नाहीत. जागलीला जातात. काकूंचं म्हणणं, या माणसानं आयुष्यात जेवढ्या रात्री माझ्यासाठी नाही जागवल्या तेवढ्या डुकरांसाठी जागवल्या.

काकांनी पहिला उपाय केला तो साड्यांचा. विदर्भात कुठंही फिरा, वावराभोवती खुंट्या रोवून त्यांना जुन्या साड्या गुंडाळलेल्या दिसतील. वाऱ्यावर त्या फडफडल्या की जनावर बुजतं, असा समज आहे. एखाद-दोन आठवडे बुजतंही. पण साडी ही वस्तू माणसांत जास्त परिणाम करते. काकांनी घरातलं गाठोडं सोडून धुऱ्यानं चारी बाजूंना साड्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी तिकडून जाणाऱ्या काकूंच्या वन्सं तुरीच्या कोपऱ्यापाशी थबकल्या. हिरवी, मोरपंखी काठाची, घडीसुद्धा न मोडलेली. त्यांनीच पोराच्या लग्नात आहेर म्हणून दिलेली. त्या कुंपणावर आमच्या भावकीतल्या तीस वर्षांच्या लग्नांचा जमाखर्च उघड्यावर मांडलेला होता. कोणी काय दिलं, कोणाचं नेसलं गेलं आणि कोणाचं थेट डुकरांच्या वाट्याला आलं. रोही आले ते आलेच. वन्सं मात्र त्या दिवाळीला फिरकल्या नाहीत.

मग बाटल्या झाल्या. रिकाम्या बाटल्या दोरीला टांगायच्या, आत खिळा लोंबता सोडायचा, वारा आला की किणकिण. गावात रिकाम्या बाटल्यांचा तुटवडा कधीच नसतो. आमच्या चुलतभावानं हे काम अंगावर घेतलं आणि बाटल्या रिकाम्या करण्यापासूनच सुरुवात केली. तेव्हा काकांनी तो उपाय आवरता घेतला.

त्यानंतर भोंगा. बाजारात बॅटरीवर चालणारे भोंगे मिळतात. त्यात आवाज भरून ठेवला की रात्रभर वाजत राहतो. कुत्र्याचं भुंकणं, वाघाची डरकाळी, फटाके, जे हवं ते. काकांनी विकतचे आवाज नाकारले. "थो कंपनीवाला वाघ हिंदीत डरकावते," असं त्यांचं मत. त्यांनी स्वतःच्या आवाजात हाळ्या आणि शिव्या भरल्या. शिव्यांची निवड इतकी दर्जेदार होती की पहिल्या रात्री शेजारच्या वावरातले जागलकरी ऐकायला धुऱ्यावर येऊन बसले. जनावरं दोन-चार रात्री लांब राहिली. नंतर त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस नुसता बोलतो, उठत काही नाही. पाचव्या-सहाव्या रात्री मी काकांबरोबर मचाणावर होतो. खाली भोंग्यातले काका एका डुकराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते आणि ते डुक्कर भोंग्याच्या बांबूला शांतपणे पाठ घासत होतं.

"पाह्य बाबू," वरचे काका म्हणाले, "रोह्याले अन् डुकराले शिकवता येत नाई. थे आपल्यालेच शिकवून राह्यले."

अंधारात डोळे सरावले तेव्हा रोह्यांचा कळपही दिसला. नर निळसर काळा, अंगानं घोड्याएवढा, डोक्यावर वीतभर शिंगं. माद्या आणि वासरं भुरकट. बॅटरीचा झोत टाकला की मान वर करतात, आपल्याकडे बघतात आणि ओळख पटल्यावर पुन्हा खाली घालतात. खाऊन झाल्यावर एक नर धुऱ्याजवळच्या ठरावीक जागी गेला आणि तिथंच लेंड्या टाकून आला. रोही रोज एकाच जागी लेंड्या टाकतो, तिथं चांगला ढीग साचतो. हागणदारीमुक्तीचं एवढं काटेकोर पालन आमच्या गावात दुसरं कोणी केलेलं नाही.

आता काका 'झटका मशीन'वर आले आहेत. सौरऊर्जेवर चालणारं कुंपण, तारेला तोंड लागलं की जनावराला झटका बसतो, मरत नाही. यासाठी सरकारी योजनेत अनुदान आहे, 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. आपल्या योजनांमध्ये 'जे जास्त असेल ते' असं वाक्य अजून कोणाच्या पाहण्यात नाही. मशीन चांगलं आहे. पण गवत वाढून तारेला टेकलं की झटका गवतालाच बसत राहतो, म्हणून रोज धुरा सवळावा लागतो. रोही तारेवरून उडी मारतो, डुक्कर तारेखालून माती उकरतं आणि मधल्या उंचीवर कोण येईल याची वाट पाहत मशीन टिकटिक करत बसतं. काही जण मग वैतागून थेट विजेच्या खांबावरून तारेत प्रवाह सोडतात. हा गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी मरतो. इथं विनोदाला जागा नाही.

"मग मारून टाका की," असं पुण्या-मुंबईचे पाहुणे सहज सांगून जातात. तशी सोय कायद्यात आहे. पीक किंवा माणूस धोक्यात आणणाऱ्या रोही-डुकराला मारायची परवानगी कलम 11 खाली देता येते, आणि 2015 मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी स्वतंत्र निर्णयही काढला. पण परवानगी कागदाची असते आणि डुक्कर पायांचं. अर्ज करायचा तर डुक्कर कालच्या वावरात असतं. परवानगी हातात पडते तेव्हा ते तिसऱ्याच्या वावरात गेलेलं असतं, आणि तिथला अर्ज त्या तिसऱ्यानं करायचा असतो. पुढचा प्रश्न बंदुकीचा. परवान्याची बंदूक गावात एखाद्याकडे असते, ती त्याच्या आजोबांनी घेतलेली असते, आणि तीतून शेवटचा बार आजोबांनीच काढलेला असतो. बरं, निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असा क्रम मांडला तर ती बंदूक ठाण्यातच जास्त राहते. आचारसंहिता बंदुकीला लागू आहे, डुकराला नाही.

समजा हे सगळं जुळून आलं आणि डुक्कर पडलंच. तर कायद्याच्या कलम 39 नुसार ते सरकारी मालमत्ता होतं. ही तरतूद मला फार अभ्यासण्यासारखी वाटते. जोवर जनावर जिवंत आहे आणि काकांची तूर खातंय, तोवर त्याच्याशी कोणाचा काही संबंध नसतो. शेवटचा श्वास सोडला रे सोडला की सरकार येऊन म्हणतं, हे आमचं.

मारणं जमत नाही म्हणून भरपाई. त्याचे नियम सुटसुटीत आहेत. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत तक्रार द्यायची, मग वनखातं, कृषी आणि महसूल यांचा एकेक माणूस येऊन पंचनामा करतो. काकांच्या वावरात असा पंचनामा झाला तेव्हा मी होतो. तिघंही वेळेवर आले. फक्त आदल्या रात्री पाऊसही वेळेवर येऊन गेला होता.

"पावलांचे ठसे कुठायत?" एकानं विचारलं.

"पान्यानं गेले, साहेब."

"मग रोही होते की डुकरं, कसं लिहायचं?"

"दोघंही होते जी. आधी डुकरं आले, मंग रोही. पयले त्यायनं उकरलं, मंग यायनं खाल्लं."

"संख्या?"

काका बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. "साहेब, थे डुकरं हजेरीपटावर सही करून नाई जात."

लेंड्यांचा ढीग मात्र पावसालाही पुरून उरला होता. काकांनी तिघांना मानानं तिथवर नेलं. फोटो निघाले. एकानं ढिगाशेजारी पेन ठेवलं, मापासाठी. मग टेपनं वावर मोजणं सुरू झालं. एका ठिकाणी पीक गेलेलं, मध्ये दोन तासं शाबूत, पुढं परत गेलेलं. ती शाबूत तासं वजा करायची की नाही यावर चर्चा झाली. काका म्हणाले, "थे आज रात्री खातीन, मांडून ठेवा." तसं मांडता येत नाही, झालेलंच नुकसान धरता येतं. सह्या झाल्यावर काकूंनी चहा दिला. चहा पिताना वनरक्षक हळूच म्हणाला, "माझंही एकरभर सोयाबीन परवाच गेलं, काका." त्यानं तक्रार दिली होती का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मीच तक्रार घेणार, मीच देणार, बरं दिसत नाही."

भरपाईच्या कोष्टकाचं गणितही पाहण्यासारखं होतं. पहिल्या दोन हजारांचं नुकसान पूर्ण, त्यापुढं दहा हजारांपर्यंत निम्मं, त्याच्याही वर तीस टक्के. म्हणजे जितकं जास्त गेलं तितका टक्का कमी. काकांच्या मते डुकरांना हे कोष्टक कोणीतरी वाचून दाखवायला हवं. दोन हजारांवर थांबली असती तर दोन्ही पक्ष सुखी झाले असते. आता पीकविम्यातही 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान जादा संरक्षण म्हणून धरायचं ठरलं आहे. 72 तासांच्या आत मोबाइलवरून, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसकट कळवायचं. काकांनी नातवाला बसवून फोटो काढायची तालीमही केली. वावरात रेंज फक्त मचाणावर येते. तेव्हा मचाण आता कामी आलं म्हणायचं.

या जिल्ह्यात अलीकडे शिकार म्हणावी अशी एकच मोहीम झाली, ती 2018 मध्ये. पांढरकवडा-राळेगाव भागातली टी-1 वाघीण, लोकांची 'अवनी'. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. बायाबापड्या कापूस वेचायला घोळक्यानं आणि जीव मुठीत धरून जात होत्या. तिच्या शोधासाठी कॅमेरे आले, ड्रोन आले, पॅराग्लायडर आला, हत्ती आले. एका नामवंत गोल्फपटूचे दोन इटालियन कुत्रेही आले. वाघिणीला भुलवायला झाडाझुडपांवर एका परदेशी कंपनीचं पुरुषांचं अत्तर शिंपडण्यात आलं. जन्मात अंगाला अत्तर न लावलेल्या माणसांच्या शिवारात त्या महिन्यांत परदेशी वास होता. मोहिमेतल्याच एका हत्तीनं पळ काढून एका बाईचा जीव घेतला. अखेर 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीला पडली. तिला बेशुद्ध करायचं होतं की मारायचं, हा वाद पुढं न्यायालयांत आणि चॅनलांवर गाजला. तिची मादी पिल्लं-नर पिल्लं मोजण्यात देश गुंतला. ज्यांच्या घरातली माणसं गेली होती, त्यांच्या दारी कॅमेरे जरा कमी पोचले.

त्या मोहिमेतला हैदराबादचा शिकारी नवाब शफतअली खान दोन वर्षं आधी बिहारमधल्या मोकामा इथं गेला होता. तिथं केंद्रानं रोही हा उपद्रवी प्राणी ठरवला होता आणि काही दिवसांत दोन-अडीचशे रोही मारले गेले. त्यावर एक केंद्रीय मंत्री मनेका गांधी दुसऱ्या केंद्रीय मंत्र्यांवर, म्हणजे आपल्या प्रकाश जावडेकरांवर, भर पत्रकारांसमोर तुटून पडल्या. एकाच मंत्रिमंडळात रोह्याच्या बाजूनं आणि विरुद्ध, असे दोन्ही आवाज होते. तुरीच्या बाजूनं कोणाचा आवाज निघाल्याचं मला आठवत नाही.

रोह्याची खरी ऐट पाहायची असेल तर अमेरिकेत जायला हवं. हो, रोही अमेरिकेतही आहे. टेक्ससमधल्या किंग रँच नावाच्या गुरांच्या अवाढव्य कुरणावर शंभरेक वर्षांपूर्वी तो नेऊन सोडला. हवा मानवली, वाघ नव्हते, आणि आज दक्षिण टेक्ससमध्ये तो हजारोंनी आहे. तिथं त्याला हंगाम नाही, सोडत नाही. मालकाला पैसे मोजले की बाराही महिने मारता येतो, आणि एका नरासाठी शिकारी हजार-दोन हजार डॉलर आनंदानं टाकतात. मांस हॉटेलांत चवीनं खातात. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा काका फोनवर होते. त्यांनी डॉलरचे रुपये करून घेतले, मचाणावरून दिसणारे रोही मनातल्या मनात मोजले आणि म्हणाले, "त्यायले म्हणा, या. जेवण-राहणं आमच्याकडे. एकेक रोही निवडून घ्या. पैसे नको, फक्त जातानी दहा-दहा घेऊन जा."

काकांचं गणित हिशोबाला बरोबर आहे, पण ते आपल्या देशात चालणार नाही, आणि चालूही नये. आपल्याकडे रोही विकत मारू दिला तर रान काही वर्षांत रोह्याविना होऊ शकतं, आणि मग वाघ काय खाणार? त्याच्या पोटातला रोही गेला की त्याच्या तोंडाला गुरं येतात. टिपेश्वरच्या वाघाला रोही आणि डुक्करच हवं. तो ते खातो म्हणून तर आमच्या तालुक्यांत डुकरांची संख्या निदान मोजण्याच्या पलीकडे गेलेली नाही. म्हणजे वाघ शेतकऱ्याचाच जागलकरी. फक्त त्याच्या पाळीत आपण मचाणावर बसायचं की नाही, एवढंच ठरवणं कठीण.

पण कोलोरॅडोकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ती शिकार नव्हे, हिशोब. तिथं एल्कच्या परवान्याच्या पैशावर वन्यजीवखातं चालतं, आणि एल्कनं शेतकऱ्याचं पीक किंवा गंजीतलं वैरण खाल्लं तर राज्य त्याची भरपाई देतं, गंजीला कुंपण घालायला साहित्यही देतं. जनावर सगळ्यांचं, म्हणून त्याचा खर्चही सगळ्यांच्या डोक्यावर. आपण शिकार बंद केली, तीही सगळ्यांच्या वतीनं. जंगल वाचलं म्हणून आनंद पुण्याला झाला, सफारीचं बुकिंग नागपूरला झालं, फोटो मुंबईला लागले. बिल मात्र एकट्या धुऱ्यावरच्या माणसाला गेलं, आणि तेही त्यानं तीन दिवसांत, ठशांसकट सिद्ध करून दाखवायचं.

उपाय काकांना माहीत आहे, तुम्हाला-मला माहीत आहे, फाइलींनाही माहीत आहे. एकट्या वावराला कुंपण घातलं तर डुक्कर शेजाऱ्याकडे वळतं आणि भांडण माणसांत लागतं. म्हणून जंगलाच्या कडेच्या पूर्ण गावशिवाराला मिळून कुंपण हवं, आणि ते सांभाळायला मजुरी हवी. ओलिताची वीज दिवसा हवी, म्हणजे रात्री माणसाला वाघ आणि डुकरं यांच्या मधोमध उभं राहावं लागणार नाही. आणि भरपाई खाल्लं तेवढी हवी, कोष्टक बसेल तेवढी नको. मेलेलं जनावर सरकार हक्कानं आपलं म्हणतं. जिवंतपणीही म्हणावं, आणि त्याच्या जेवणाचं बिल पूर्ण भरावं.